कात्रीआधी खडू
(खुलताबाद येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात आम्ही चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली आणि विषयही त्यांनीच सुचविला. ते म्हणाले, "आपल्या समाजातील मुलेमुली आता चित्रपटाचे शिक्षण घेऊ लागली आहेत. घरची माणसे मात्र गोंधळून गेली आहेत. मूल दिवसभर कागदावर चौकोन आखून त्यांत माणसे काढीत बसते. हा अभ्यास आहे की खेळ, हे त्यांना कळत नाही. त्याविषयी काही सांगा." चित्रकलेचा शिक्षक म्हणून आमची हयात गेली. गेल्या वर्षी ह्याच तालुक्यातील काही विद्यार्थी आपल्या अभ्यासक्रमासाठी दहा मिनिटांचा एक लघुपट करीत होते, आणि चित्रे काढण्यास साहाय्य करावे म्हणून त्यांनी आम्हांस पाचारण केले. चित्रकला आम्हांस ठाऊक होती. परंतु ते चौकोन आखण्याची विद्या आम्ही त्या मुलांबरोबरच शिकलो. तेव्हा आज आपल्यापुढे जे मांडावयाचे, ते एका सहाध्यायाने पाहिलेले आणि केलेले आहे, असे समजावे.

त्या चौकोनांच्या मालिकेस 'स्टोरीबोर्ड' असे म्हणतात. चित्रपटात पडद्यावर जे दिसावयाचे, ते कॅमेरा सुरू करण्यापूर्वीच क्रमाक्रमाने कागदावर काढून ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ. एकेका चौकटीत एकेक दृश्य, खाली त्याचा क्रमांक, कोण काय बोलतो, कोणता आवाज ऐकू येतो आणि दृश्य किती वेळ राहणार, ह्याच्या दोन ओळी. बाहेरच्या माणसास ते पोरकट वाटेल. पण आपणांस तसे वाटण्याचे काही कारण नाही. आपण नामदेव शिंपी समाजाची माणसे. नवे कापड पुढ्यात आले म्हणून कोणी शहाणा शिंपी त्यास एकदम कात्री लावीत नाही. तो आधी माप घेतो, कापड पसरतो, खडूने रेषा मारतो, बाही कोठे बसेल, गळा कोठे निघेल, हे मनाशी ठरवितो आणि मगच कात्री उचलतो. ह्यास आपण 'बेतणे' म्हणतो. आपल्या भाषेत मनातल्या योजनेलाही 'बेत' म्हणतात, हे उगाच नव्हे. खडूची रेषा झटकून पुन्हा मारता येते, कापलेले कापड पुन्हा जुळत नाही. स्टोरीबोर्ड ही चित्रपटाच्या कापडावरील खडूची रेषा होय. आज आम्हांस जे सांगावयाचे त्याचा सारा मथितार्थ एवढाच आहे. पुढचे बोलणे म्हणजे त्याचा विस्तार.

आधी आपल्याच परिसराकडे पाहू. खुलताबादचा घाट उतरला की खाली वेरूळ. तेथील कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या कारकिर्दीत, आठव्या शतकात, मुख्यतः घडले असे मानतात. हे मंदिर पायापासून वर बांधीत नेलेले नाही. डोंगराच्या माथ्यापासून खाली खोदीत आणलेले आहे. ज्या कारागिराने शिखरापाशी पहिली छिन्नी लावली, त्याच्या मनात तळाचे जोतेही तयार असलेच पाहिजे, कारण एकदा उडविलेला दगड परत जोडता येत नाही. ह्याच मंदिराच्या दक्षिण अंगास रामायणातील प्रसंग एकाखाली एक अशा ओळींत कोरलेले आहेत आणि उत्तर अंगास महाभारताचे व कृष्णचरित्राचे. अक्षरओळख नसलेल्या यात्रेकरूनेही ओळीमागून ओळ पाहत जावे आणि कथा समजून घ्यावी, अशी ती योजना आहे.

आम्ही त्या मुलांना प्रथम तेथेच नेले. रामायणाच्या ओळींपुढे त्यांना वह्या घेऊन बसविले आणि विचारले, "एवढ्या मोठ्या कथेतून शिल्पकाराने कोणते प्रसंग घेतले आणि कोणते सोडले?" मग त्याच अंगास असलेल्या रावणानुग्रहाच्या शिल्पापाशी नेले. खाली रावण आपल्या बाहूंनी कैलास हलवीत आहे, वर पार्वती भयाने शंकरास बिलगली आहे, एक दासी पळत सुटली आहे आणि शंकर मात्र स्वस्थ आहे. शिल्पकाराने रावण पर्वतापाशी येतानाचा क्षण घेतला नाही, शरण गेल्यानंतरचाही घेतला नाही. पर्वत हालला तो नेमका क्षण घेतला. कथा सांगणाऱ्याने क्षण कसा निवडावा, हा धडा तेथे फुकट मिळतो.

आपल्या महाराष्ट्रात कागदावरचीही अशी परंपरा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी सुट्या कागदांवरील चित्रांची पोथी समोर ठेवीत आणि एकेक चित्र दाखवून, वाद्यांच्या साथीने, गाऊन कथा सांगत. ही कला जपणारे परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. अशाच धर्तीची जुनी चित्रे आपल्या जिल्ह्यातील पैठणच्या नावाने ओळखली जातात आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती पाहावयास मिळतात. ह्यावरून स्टोरीबोर्डाचा शोध आपणच लावला, असे म्हणून मिशीला पीळ भरण्याचा आमचा हेतू नाही. आज जी पद्धत शिकवितात ती अमेरिकेत वॉल्ट डिस्ने ह्यांच्या चित्रशाळेत १९३० नंतरच्या चार-दोन वर्षांत रूढ झाली. तेथील चित्रकार चालत्या चित्रांच्या गोष्टीचे कागद फळ्यावर क्रमाने टाचून ठेवीत आणि सर्वांनी मिळून त्यांची अदलाबदल करीत. आमचे म्हणणे इतकेच की, चित्रामागून चित्र पाहून कथा समजून घेण्याची दृष्टी आपल्या मुलांना परकी नाही.

आणि मराठी चित्रपट तर चित्रकाराच्याच हातून जन्मास आला. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवीत आणि 'पेंटर' ह्याच नावाने जगाला ठाऊक झाले. 'सैरंध्री' आणि 'सावकारी पाश' हे चित्रपट देणारे हे बाबूराव चित्रणापूर्वी पात्रांचे पोशाख, त्यांची ठेवण आणि हालचाली कागदावर रेखाटून घेत. दामले, फत्तेलाल आणि शांताराम ही मंडळी त्यांच्याच हाताखाली तयार झाली आणि १९२९ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह 'प्रभात' कंपनी काढली. तिच्या पुण्यातील जागेवर आज चित्रपटाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था उभी आहे. बंगालचे सत्यजित राय ह्यांचेही तेच. 'पथेर पांचाली' १९५५ साली लोकांपुढे आला. परंतु त्यापूर्वी तो रेखाटनांच्या एका वहीत उतरलेला होता, आणि भांडवल मिळविण्यासाठी ती वहीच ते लोकांना दाखवीत. जपानच्या अकिरा कुरोसावांना 'कागेमुशा'साठी पैसा उभा राहीना, तेव्हा त्यांनी त्या चित्रपटातील दृश्ये रंगांत रंगवून ठेवली. १९८० साली तो चित्रपट पूर्ण झाला. ज्यांच्यापाशी पैसा कमी, त्यांनाच कागदाची गरज अधिक, हे ह्यावरून ध्यानी यावे.

आता शिकण्याची रीत. ह्या मुलांची गोष्ट साधी होती. खुलताबादेतील एक वृद्ध शिंपी. तयार कपड्यांच्या दुकानांमुळे त्याच्या दुकानात गिऱ्हाईक उरलेले नाही. उद्या श्रावणी शनिवार. शहरातून पायी येणाऱ्या भाविकांची रीघ भद्रा मारुतीकडे लागावयाची आहे. नातवास नवा सदरा घालून दर्शनास न्यावे म्हणून म्हातारा रात्री शिवावयास बसतो. पण दृष्टी मंदावल्याने सुईत दोरा ओवता येत नाही. धाकटी नात झोपेतून उठून येते आणि दोरा ओवून देते. एवढेच.

पहिल्या दिवशी मुलांनी काढलेल्या चौकटी आम्ही पाहिल्या. प्रत्येकीत म्हातारा पायमशिनीसह डोक्यापासून पायापर्यंत पुरता दिसत होता. जणू नाटकाच्या तिसऱ्या रांगेत बसून कोणी ती काढली असावीत. नवशिक्याची पहिली चित्रे बहुधा अशीच असतात. म्हणून प्रथम चौकट शिकविली. आजच्या पडद्याची रुंदी आणि उंची ह्यांचे प्रमाण सोळास नऊ असे असते; म्हणजे कागदावर आठ सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच चौकट आखावी. नेहमीच्या ए-फोर कागदावर अशा सहा चौकटी बसतात आणि खाली लिहावयास जागाही राहते.

मग अंतर शिकविले. माणूस लांबून सभोवारच्या जागेसह दाखविणे, कमरेपासून वर दाखविणे आणि केवळ चेहरा किंवा हात दाखविणे, असे तीन मुख्य प्रकार. शिकलेली मंडळी त्यांना लाँग शॉट, मिड शॉट आणि क्लोज-अप म्हणतात. लांबून पाहिले म्हणजे माणूस कोठे आहे ते कळते; जवळून पाहिले म्हणजे त्याच्या मनात काय आहे ते कळते. हे ध्यानात येताच चौकटी बदलू लागल्या. पहिलीत अंधारी गल्ली आणि दूरवर एकाच दुकानात दिवा. दुसरीत म्हातारा पायमशिनीपाशी, कमरेपासून वर. तिसरीत फक्त सुईचे नेढे आणि त्याच्या बाजूने निसटणारे दोऱ्याचे टोक. चौथीत त्याचे डोळे. पाचवीत दारात उभी राहिलेली नात. आणि येथे एका विद्यार्थिनीने आपण होऊन क्षितिजरेषा खाली घेतली. चित्रात क्षितिजरेषा पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. तिने ती मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर आणली, तेव्हा दुकान एकदम उंच झाले, आजोबा मोठे दिसू लागले आणि पाहणारा त्या लहान मुलीच्या जागी जाऊन उभा राहिला.

तिसरी गोष्ट दिशेची. दोन माणसे समोरासमोर बोलत असली की त्या दोघांमध्ये एक कल्पित रेषा आहे असे मानावे आणि कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूस ठेवावा. रेषा ओलांडली तर डावीकडे पाहणारे आजोबा पुढच्या दृश्यात अकस्मात उजवीकडे पाहू लागतात आणि दोघे परस्परांशी बोलत आहेत हा भास मोडतो. ही चूक चित्रण झाल्यावर कळली तर सारा दिवस फुकट जातो. कागदावर ती दोन चौकटी शेजारी ठेवताच डोळ्यांत भरते. माणूस हलत असेल तर चौकटीच्या आत बाण काढावा. कॅमेरा हलत असेल तर चौकटीच्या बाहेर. बस्स, एवढीच लिपी. त्यासाठी उत्तम चित्रकार असावे लागत नाही. काड्यांचे हातपाय आणि गोल डोके असलेली माणसेही चालतात, फक्त कोण कोठे आहे आणि कोणीकडे पाहतो आहे, हे स्पष्ट असावे. छायाप्रकाशाची नजाकत करीत बसणाऱ्या एका हुशार विद्यार्थ्याच्या हातून आम्हांस पेन्सिल काढून घ्यावी लागली. कारण एका चौकटीवर तासभर घालविला की ती फाडून टाकण्याचे धैर्य राहत नाही, आणि फाडण्याजोगी असणे हाच ह्या चित्रांचा गुण होय.

पन्नासांहून अधिक चौकटी झाल्यावर त्या सुट्या कापून भिंतीवर क्रमाने लावल्या. तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. शेवटी भाविकांच्या रांगेत नवा सदरा घातलेला नातू दिसावयाचा होता. श्रावणी शनिवारची ती गर्दी मुलांच्या सोयीसाठी पुन्हा जमणार नव्हती. म्हणून ज्या चौकटी परत टिपता येणार नाहीत त्यांवर लाल खूण केली आणि मुले आदल्या शनिवारी पहाटे त्या रस्त्यावर जाऊन आली. ऊन कोणत्या बाजूने येते, उभे राहावयास आडोसा कोठे आहे, भाविकांना अडथळा न होता कॅमेरा कोठे ठेवता येईल, हे सारे चौकटींखाली लिहून घेतले. पुढच्या शनिवारी ते काम थोड्या वेळात उरकले.

आता ज्या प्रसंगामुळे हे भाषण करावे असे आम्हांस मनापासून वाटले, तो सांगतो. ज्या विद्यार्थिनीने क्षितिजरेषा खाली घेतली, तिचे वडील आपल्याच समाजाचे, दुकान चालवितात. मुलीने हे शिक्षण घ्यावे हे त्यांना रुचलेले नव्हते. "शिकून मास्तरीण झाली असती, तर आम्ही लोकांना काय ते सांगू तरी शकलो असतो," असे ते म्हणत. पुढच्या वर्षाची फी भरावी की नाही, हा प्रश्न त्या घरात पडलेला होता. कागद लावावयास मोठी भिंत हवी म्हणून मुलांनी त्यांच्याच दुकानाची आतली भिंत मागितली. दोन दिवस अण्णा काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून एका चौकटीपाशी गेले आणि म्हणाले, "हे चुकले आहे."

ती चौकट म्हाताऱ्याने सदऱ्याचे कापड कापण्याची होती. मुलीने कापड आणि कात्री दोन्ही हवेत धरलेली दाखविली होती. अण्णांनी कापड फळीवर पसरले आणि कात्री चालवून दाखविली. "खालचे पाते फळीवरून उचलावयाचे नाही. डावा हात कापडावर सपाट. कापड उचलले की रेष हुकली. ज्याने जन्मभर शिवले त्याचा हात असा चालेल, तू काढलास तसा नाही." मुलीने ती चौकट फाडली आणि तेथेच उभी राहून नवी काढली. मग ते पुढच्या चौकटीकडे वळले. "म्हातारा दोरा असा ओवावयाचा नाही. आधी टोक ओठांत ओले करील, मग दिव्यासमोर धरील." तीही बदलली. त्या संध्याकाळी त्यांनी सहा चौकटी दुरुस्त केल्या. शेवटी भिंतीकडे पाहत ते एवढेच म्हणाले, "म्हणजे तुम्ही हे आधी बेतता तर!"

फी भरली गेली. परंतु आम्ही हे केवळ फीसाठी सांगत नाही. हाच म्हातारा मुलांनी थेट कॅमेऱ्यापुढे बसविला असता, तर कात्री हवेतच चालली असती आणि अण्णांना ती चित्रपट पुरा झाल्यावर दिसली असती. तेव्हा त्यांचे बोलणे टीका ठरले असते. कागदावर असताना तेच बोलणे सूचना ठरले. चित्रपटाच्या शास्त्रातले ज्याला काही कळत नाही, त्यालाही आपल्या जन्माचे ज्ञान त्यात घालता येईल, असा एकच काळ असतो आणि तो कात्री चालण्यापूर्वीचा. आपल्या समाजाचे हात, आपली अवजारे, आपली बोली पडद्यावर खरी उतरावी असे वाटत असेल, तर वडीलधाऱ्यांनी त्या भिंतीपाशी यावे आणि मुलांनी त्यांना येऊ द्यावे.

एक सावधगिरीही सांगतो. बेतलेले सर्व तसेच होईल असे मानू नये. त्या रात्री वाऱ्याने दुकानाचा पडदा हलला आणि सावली म्हाताऱ्याच्या तोंडावरून गेली. ते कोणत्याच चौकटीत नव्हते, तरी मुलांनी तो तुकडा ठेवला आणि चांगले केले. आपण शिवणीच्या आत थोडी माया सोडतो, ती पुढे सैल करता यावे म्हणून. स्टोरीबोर्डातही अशी माया सोडावी. तसेच आज संगणकास चार शब्द सांगितले की तो क्षणात चित्र काढून देतो, मग पेन्सिल कशाला, असे कोणी विचारील. वापरावे ते साधन वापरा. परंतु तो देईल ती कात्री कोणाच्या हातात कशी चालते, हे अण्णांना विचारल्याशिवाय कळावयाचे नाही. आणि शिकणाऱ्याच्या डोळ्यास वळण लागावयाचे ते त्याने स्वतः चौकट आखून, फाडून आणि पुन्हा आखूनच.

मंडळापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. विद्यार्थी-साहाय्याचा जो निधी आपण दरवर्षी जमवितो, त्याचा लाभ चित्रपट आणि चित्रकला शिकणाऱ्यांनाही द्यावा. मंडळाच्या सभागृहाची एक भिंत वर्षातून काही दिवस अशा विद्यार्थ्यांना कागद लावण्यासाठी मोकळी ठेवावी. आणि ज्या घरी असे मूल आहे, तेथील आईवडिलांनी "ह्यातून काय मिळणार?" असे विचारण्यापूर्वी एकदा "दाखव पाहू, काय काढले आहेस," असे म्हणावे. मूल काय बेतीत आहे हे पाहिल्यावर पुढचा प्रश्न अधिक शहाणपणाने विचारता येईल.